गोळीची वही

२ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर म्हणाला, "आजी, रोज गोळी घेतली की वहीत लिहून ठेवा. तुम्ही विसरता." मी म्हणलं, "चवथीतनं शाळा सोडून मेंढरांमागं गेलेली बाई मी. माझं अक्षर म्हंजे कोंबडी चिखलातनं चालल्यागत." तो म्हणाला, "कोंबडीचं अक्षर मला वाचता येतं." आगाऊ हाय, पण सुई हळू टोचतो.

वही नातवानं दिली. साखर कारखान्याची डायरी. तारखा छापल्यात, तेवढं तरी लिवायचं वाचलं.

गोळ्या दोन. एक बीपीची. दुसरी पाण्याची. पाय सुजतात म्हणून ती अंगातलं जादा पाणी लघवीवाटं काढती. सकाळी घेतली की दुपारपतूर मोरीच्या येरझाऱ्या.

आज दोन्ही घेतल्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विश्वजितचा फोन आला. ताश्कंदला निवड झाली. मी विचारलं, ताश्कंद कुठं? म्हणाला, काश्मीरच्या बी पल्याड. म्हणलं, घोंगडं ने.

माझा नातू बॉक्सिंग खेळतो. त्याचा बाप धनाजी आन् सून मंगल रायपूरला असतात. तितं धनाजीचं गलाईचं दुकान हाय, सोनं गाळतो. विट्याकडची, आमच्याकडची बरीच माणसं ह्या धंद्यापायी देशभर पांगल्यात. पोरगं तीन वर्सांचं असल्यापास्नं माझ्याकडं हाय. आता तेवीसचा झाला.

साठ किलोच्या गटात खेळतो. साठाच्या वर शंभर ग्रॅम भरलं तरी आत घेत न्हाईत. दोनदा परदेशाला गेला. पहिल्यांदा पहिल्याच लढतीत हरला. दुसऱ्यांदा वजन तीनशे ग्रॅम जादा भरलं. हातमोजं बी न घालता माघारी आला. तवा सहा महिनं माझ्याशी धड बोलला न्हाई, जसं काय मीच ते तीनशे ग्रॅम त्याच्या खिशात घातलं हुतं. आता सांगतो, "आजी, ह्या बारीला जमलं न्हाई तर पुन्हा कुणी विचारणार न्हाई. माझ्या मागं दहा जणं उभी हायत."

त्याचे सर नईम मुलाणी. कराडचे. सैन्यात हुते, आता साताऱ्यात जुन्या गोडाऊनात पोरांना शिकवतात. माणूस असंल चांगला. पण पाच वर्सांमागं त्यांनी माझ्या पोराचं तूप बंद केलं, तवापास्नं माझ्या मनाला आला न्हाई.

दोन्ही घेतल्या.

८ मार्च, शनिवार

आज आटपाडीचा बाजार. मी दोन कोकरं विकून माघारी आले तर दारात विश्वजित. गाल आत गेल्यात. मी काखंत हात घालून उचलून बघणार हुते, तर लाजून मागं सरला. लहानपणी कोकरू आन् हा, दोघांचं वजन मी हातानं सांगायची. पाव किलोचा फरक पडत न्हवता.

चार दिवसांची सुट्टी, मग साताऱ्याला, तितनं दिल्ली, तितनं विमान. संगं वजनाचा काटा आणलाय, काचेचा. त्यावर उभं राहिलं की लाल आकडं पळतात.

बासष्ट किलो चारशे.

जेवायला वाढलं तर म्हणाला, अर्धी भाकरी. मी म्हणलं, अर्धी भाकरी भिकाऱ्याला देतात. हसला न्हाई.

दोन्ही घेतल्या.

९ मार्च, रविवार

पहाटं उठून दोन स्वेटर आन् वर प्लॅस्टिकचा कोट घालून माळावर पळाला. आला तर कोटातनं घामाचं पाणी गळत हुतं. एकसष्ट नऊशे. दुपारी पाणी प्याला, पुन्हा बासष्टच्या वर. काट्याकडं बघत नुस्ता बसला.

मी म्हणलं, माझ्याकडं एक काढा हाय. तर वसकन अंगावर आला. "आजी, ऐक. मला विचारल्याबिगर गोळी न्हाई, काढा न्हाई, पावडर न्हाई. खोकल्याचं औषध सुद्धा न्हाई. खेळ झाला की लघवी तपासतात. काय सापडलं तर चार वर्सं बाहेर."

"दुसऱ्याची लघवी तपासायला माणसं पगार घेतात?"

"हसू नको. बिरोबाचा भंडारा उचल."

उचलला. ताकदीचं काय बी देणार न्हाई म्हणलं. पिवळा हात दाखवला तवा गप बसला.

दोन्ही घेतल्या.

१० मार्च, सोमवार

पोरगं पळायला गेलं हुतं तवा मी काट्यावर उभी राहिले. अठ्ठेचाळीस सातशे. मग पाण्याची गोळी घेतली. दुपारी पुन्हा उभी राहिले. सत्तेचाळीस पाचशे.

एक किलो दोनशे! एका गोळीत! आन् हे येडं स्वेटर घालून पळतंय.

सांजपतूर विचार केला. आमचे मालक, हरिबा, शुक्रवारी मेंढरांना मीठ चारायचे आन् शनिवारी बाजाराआधी पाणी पाजायचे. मेंढरू टम्म दिसायचं. विट्याचा व्यापारी रसूल पोटाला हात लावून म्हणायचा, "हरिबा, पाण्याला मी मटणाचा भाव देत न्हाई." ती लबाडी हुती, मी कबूल करते. वजन वाढवणं ही लबाडी. पण वजन उतरवण्यात कसली लबाडी? ह्या गोळीनं ताकद येत न्हाई, उलट जाती. मी ती घेऊन कुस्ती मारली असं कुणी बघितलंय का?

आज दोन्ही घेतल्या. पट्टीत पाण्याच्या नऊ उरल्या.

११ मार्च, मंगळवार

हुलगं भाजलं, दळलं. हुलग्याचं माडगं तर वैद्य बी द्यायला सांगतात, लघवी साफ हुती. पोराला लहानपणापास्नं आवडतं. त्याला म्हणलं, तितं भाताबिताच्या नादी लागू नको, सकाळी दोन चमचं पीठ गरम पाण्यात कालवून पी. त्यानं डब्यात नाक घालून वास घेतला. "हुलगंच ना?" म्हणलं, "मग काय हत्ती दळलाय?"

पिठात पाण्याच्या आठ गोळ्या खलून घातल्या. चाळणीनं तीनदा चाळलं. कळत न्हाई. मूठभर पीठ घरात ठेवलं, सुट्टीला आला की लागंल.

मी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर टाकून दिलं असतं. सरांचं ऐकून तूप टाकलं तसं.

बीपीची घेतली. पाण्याची एकच हाय, ती राखून ठेवली.

१२ मार्च, बुधवार

सर गाडी घेऊन आले. विश्वजितची पिशवी पुरी उपसली. प्रत्येक डबी उघडून बघितली. सरांच्या आईनं, साबेराबाईनं, दिलेलं खजूर सुद्धा फोडून बघितलं. म्हणलं, आईवर बी इश्वास न्हाई? ते म्हणाले, "आजी, आईवरच जास्त लक्ष ठेवावं लागतं. ती प्रेमानं काही पण घालते."

पिठाचा डबा उघडला. बोटानं चाटून बघितलं. माझ्याकडं बघितलं. "हुलगा?"

"व्हय."

"चांगला भाजलाय," म्हणाले आन् झाकण लावलं.

मी दारातच उभी हुते. गाडी वळली तवा आत आले.

बीपीची घेतली.

१७ मार्च, सोमवार

वजन झालं! एकोणसाठ सातशे! फोनवर वरडत हुता. "आजी, तुझ्या माडग्यानं कमाल केली. काल रात्री साठ नऊशे हुतो." पहिली लढत बी जिंकला. उझबेकांचा पोरगा हुता, त्यांच्याच गावात पाडला.

मी शेजारच्या ज्योतिबाच्या घरी साखर वाटली. पाय सुजल्यात, चप्पल चढत न्हाई. चालतंय. दोन किलो पाणी माझ्या पायात राहिलं म्हणून पोरगं साठाच्या आत बसलं, असं समजायचं.

बीपीची घेतली.

१९ मार्च, बुधवार

दुसरी बी जिंकला. रोज सकाळी वजन करावं लागतं म्हणं, म्हणून रोज माडगं. आवाज बारीक वाटला. म्हणाला, तोंडाला कोरड पडती. म्हणलं, कमी बोल.

२० मार्च, गुरुवार

ज्योतिबानं मोबाईल उंबऱ्यावर टेकवला. सारी वस्ती बसलेली. समोर कझाकस्तानचा पोरगा, हात लांब. पहिल्या फेरीत आमचं पोरगं मुंगसागत हुतं. आत घुसायचं, दोन ठेवायचं, बाहेर. मला ह्या खेळातलं कळत न्हाई, पण कोणता एडका मागं सरायला लागलाय ते कळतं. तो लांब हाताचा मागं सरत हुता.

तिसऱ्या फेरीत विश्वजितचा डावा पाय एकदम ताठ झाला. वाकवायला गेला तर दुसरा बी. पोटऱ्यांत गोळं आलं. पाय ओढत फिरला, मार खाल्ला, पण खाली बसला न्हाई. पाच पंचांतल्या तिघांनी समोरच्याचा हात वर केला, दोघांनी आमचा.

ज्योतिबा म्हणाला, "पाणी कमी पडलं गड्याला."

मी उठून घरात आले. इथपतूर येऊन हारलेल्यांना पण पदक असतं म्हणं, काशाचं.

बीपीची घेतली.

२६ मार्च, बुधवार

गावात मिरवणूक. हलगी, गुलाल. पोरानं पदक माझ्या गळ्यात घातलं. म्हणलं, बकऱ्याच्या गळ्यातली घंटा बरी, निदान वाजती तरी. धनाजी मंगलला घिऊन रायपूरहून आला. त्यानं गलाईवाल्याच्या सवयीनं पदक नखानं खरवडलं, दिव्याखाली धरलं. "आई, नुस्तं तांबं हाय." मंगल म्हणाली, "आवं, पोरानं रक्त वतलंय, आन् तुमी कस काढताय!" सगळी हसली.

सर हसलं न्हाईत. त्यांनी पोराला बाजूला घेऊन विचारलं, "पायात गोळे का आले? पाणी पीत नव्हतास?" पोरगं म्हणालं, "लय प्यायचो सर. थांबतच न्हवतं."

सरांनी वाकून त्याच्या पोटऱ्या दाबून बघितल्या.

२४ एप्रिल, गुरुवार

पत्र आलं. विश्वजितनं वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. मग भिताडाला टेकून खाली बसला.

ताश्कंदला त्याची लघवी घेतली हुती. त्यात औषध निघालं. बंदी घातलेलं. म्हणाला, "वजन उतरवायचं औषध हाय आजी. मी तर डोकं दुखलं तरी गोळी घेतली न्हाई." खेळायला बंदी, चौकशी हुईस्तवर.

मी विचारलं, वजन उतरवायचं म्हंजे कसलं? म्हणाला, माहीत न्हाई, इंग्रजी नाव हाय लांबलचक.

धनाजी फोनवर म्हणाला, "त्या मास्तरनंच घातलं असणार. त्याला पदक पायजे हुतं." मला बी तसंच वाटलं. लिवून ठेवते, कारण वाटलं ते वाटलं. तूप बंद करणारा माणूस काय बी करंल.

बीपीची घेतली.

२७ एप्रिल, रविवार

पाय लय सुजलं म्हणून काल डॉक्टरकडनं पाण्याच्या गोळ्यांची नवी पट्टी आणली.

आज पोरगं माळावर गेलं हुतं. पत्र फळीवर हुतं. मला इंग्रजी येत न्हाई. पण आमच्यात प्रत्येकाच्या मेंढरांना रंगाची खूण असती. दोनशे मेंढरांत माझं एक घुसलं तरी मी लांबनं वळखते. अक्षर म्हंजे बी खूणच.

पत्रात एका शब्दाखाली पोरानं पेनानं रेघ मारली हुती. तो शब्द आन् माझ्या पट्टीवरचा शब्द मी शेजारी शेजारी धरलं. पहिली खूण, उभी काठी आन् दोन फांद्या. तीच. दुसरी, उखळागत. तीच. एकेक करत शेवटपतूर गेले. पुन्हा मागनं फुडं आले.

सगळी मेंढरं माझीच.

२८ एप्रिल, सोमवार

बीपीची घेतली.

२९ एप्रिल, मंगळवार

बीपीची घेतली. चूल पेटली हुती. वही हातात हुती. ११ मार्चचं पान धरलं. फाडलं न्हाई. का न्हाई ते कळत न्हाई. डॉक्टर बघंल म्हणून असंल.

३० एप्रिल, बुधवार

सर एष्टीनं आले. गाडी विकली का विचारलं तर म्हणाले, "भाड्यानं चालवायला दिली." संघटनेनं त्यांना शिकवायला बंदी केलीय. गोडाऊनला कुलूप. चौदा पोरं घरी बसल्यात. साताऱ्यात कुणीतरी त्यांच्या दारावर काळ्या रंगानं काय लिवलं. काय ते त्यांनी सांगितलं न्हाई.

भाकरी वाढली. शेंगांची चटणी. खाल्ली. माझ्या हातचं खाल्लं.

मग त्यांनी आपली वही काढली आन् विचारलं, "आजी, सुट्टीत विश्वजितनं काय काय खाल्लं? सगळं सांगा."

सगळं सांगितलं. भाकरी, मटकी, ताक, कोरड्यास. पीठ बी सांगितलं. पिठात काय हुतं ते सांगितलं न्हाई.

"तुम्हाला कसली औषधं चालू आहेत?"

"बीपीची."

"आणखी?"

"न्हाई."

"पट्टी बघू?"

"संपली."

खोटं बोलले. पट्टी माझ्या कनवटीला हुती. सरांनी पेन खिशात घातला. म्हणाले, "आजी, माझं वय बावन्न. मी दुसरं काम बघेन. पण ते पोरगं दुसरं काही करू शकत नाही. चार वर्षांनी ते सत्तावीसचं होईल. नीट आठवा. मी थांबतो." जाताना माझ्या पायांकडं बघितलं. पाय सुजून रताळं झाल्यात.

बीपीची घेतली.

३ मे, शनिवार

बाजारला गेले. माणसं भेटली की पहिलं तेच, "मास्तरनं पोराचं वाटोळं केलं." मी हूं म्हणत राहिले. सरपंच लालासाहेबांनी तर सांगितलं, चौकशीपुढं गावाकडनं अर्ज देऊ, मास्तरवर गुन्हा घाला म्हणून. धनाजीनं रायपूरहून सही करून पाठवलीय.

रसूल भेटला. आता थकलाय, पोरं धंदा बघतात, हा नुस्ता खुर्चीत बसतो. म्हणाला, "हरणाबाई, बस. नातवाचं ऐकलं. हरिबाची आठवण आली."

"त्यांचं काय आलं ह्यात?"

"मीठ चारायचा ना. मी पोटाला हात लावला की मेंढरू बिचारं माझ्याकडं बघायचं. त्याला काय माहीत, आपल्याला पाणी का लागलंय. मी हरिबाला लय शिव्या दिल्या. मेंढराला कवा दिली न्हाई."

त्याला काय ठावं हुतं न्हाई. म्हातारा आपला जुनं उगाळत हुता. पण मी बाजार न करताच माघारी आले.

४ मे, रविवार

सांगितलं.

विश्वजित पळून आला हुता. कुणासाठी पळतो देव जाणं. मी पट्टी आन् पत्र त्याच्या फुड्यात ठेवलं. उरलेलं मूठभर पीठ डब्यासकट ठेवलं. म्हणलं, "आठ गोळ्या हुत्या. मी खलल्या."

त्यानं पट्टी उचलली. वाचली. माझ्याकडं बघितलं न्हाई. मला वाटलं मारंल. मारायला पायजे हुतं, हाताला सवय हाय त्याच्या. उठून काचेच्या काट्याकडं गेला, तो उचलला आन् दारातल्या दगडावर आपटला. काच सगळ्या अंगणात.

मग केरसुणी घेऊन त्यानंच काच गोळा केली. कोंबड्या टोचतील म्हणून. काच गोळा करताना म्हणाला, "भंडारा उचलला हुतास तू."

"व्हय."

"हे वहीत लिवलंस?"

"व्हय."

"कधीचं कधी?"

"ज्या त्या दिवशी. तुला सांगितलं न्हाई, ते बी लिवलंय."

सांजच्याला ताट वाढलं तर हात लावला न्हाई. दुकानातनं बिस्किटाचा पुडा आणला, फोडण्याआधी पुड्यामागचं सगळं वाचलं, मग खाल्ला.

बीपीची घेतली. पाण्याची बी घेतली.

५ मे, सोमवार

धनाजीचा फोन. "आई, ती वही जाळ. घरातलंच निघालं तर गावात तोंड दाखवाया जागा राहत न्हाई. मास्तरवर गेलंय, जाऊ दे."

म्हणलं, "धना, तू सोन्यातली खोट काढून पोट भरतोस ना? मग दुसऱ्याच्या सोन्यात खोट घालतोस कशाला?"

"तो आपला कोण लागतो?"

"माझ्या हातची भाकरी खाऊन गेलाय. मी त्याच्याशी खोटं बोलले तवा तो घास चावत हुता. तुझी सही माघारी घे. न्हाईतर तुझ्या आईची वही गावच्या पारावर वाचून दाखवते."

फोन ठेवला त्यानं. सांजच्याला मंगलचा आला. सही माघारी घेतली म्हणं.

दोन्ही घेतल्या.

९ मे, शुक्रवार

विश्वजितसंगं साताऱ्याला. पाच तास एष्टीत. माझ्या शेजारी बसला पण खिडकीकडं तोंड करून.

सरांना सगळं सांगितलं. ते वरडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली हुती. एक बी लागलं न्हाई. ते हळूच म्हणाले, "पोटऱ्यांत गोळे आले हे नशीब. अंगातलं मीठ-पाणी इतकं गेलं की हृदय बंद पडतं. रिंगमध्येच. ते छातीत आलं असतं तर?"

ह्याचा विचार मी केला न्हवता. वजनाचा केला. मेंढरू मेलं तर दुसरं असतं.

साबेराबाईनं पाणी आणलं. प्याले.

मग सरांनी वहीच्या पानांचं मोबाईलवर फोटो काढलं. चौकशीला पाठवायचं म्हणं. पोरानं आधीच बजावलं हुतं आन् मी चोरून घातलं, हे त्यातनं दिसतं. पीठ बी तपासायला जाणार. मी म्हणलं, "सर, पहिलं भंडाऱ्याचं पान काढा. ९ मार्च. त्यातनं पोरगं सुटतंय." मग आठवलं. म्हणलं, "आन् थांबा. फेब्रुवारीच्या पानावर तुमाला बरंवाईट लिवलंय. तुपापायी."

त्यांनी ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. पयल्यांदाच हसले. "आजी, तूप मी नाही बंद केलं. ह्यानंच सोडलं. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती म्हणून माझं नाव घेतलं."

मी विश्वजितकडं बघितलं. तो खाली बघत हुता.

म्हंजे आमच्या घरात खोटं दोघं बी बोलतात. पाच वर्सं मी त्या माणसाला शिव्या घातल्या.

दोन्ही घेतल्या.

२१ मे, बुधवार

साताऱ्यात सरांच्या घरी कम्प्युटरवर चौकशी. पडद्यावर तीन जणं, दोन बाप्ये, एक बाई. हिंदीत विचारलं, तुम्हाला कुणी असं सांगायला लावलं का? कोच ने? परिवार ने?

मी म्हणलं, "मला सांगायला लावणारा अजून जल्माला यायचाय."

बाईनं विचारलं, तुम्हाला मना केलं होतं, मग का दिलं?

मी लय उत्तरं शोधली. वजन वाढवलं तर लबाडी, उतरवलं तर न्हाई, हे बी मनात आलं. पण विश्वजित मागं उभा हुता, त्याचा श्वास ऐकू येत हुता. म्हणलं, "मला वाटलं, त्याच्या अंगातलं मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून."

विश्वजितनं त्याचं सांगितलं. एका बाप्यानं त्याला विचारलं, आजीच्या हातचं तपासल्याशिवाय का खाल्लं? तो म्हणाला, "ती माझी चूक आहे. मला वाटलं तिच्या हातचं तपासायचं नसतं."

दोन्ही घेतल्या.

९ जून, सोमवार

निकाल आला. सर मोकळे. गोडाऊनचं कुलूप उद्या निघंल.

विश्वजितला चार वर्सांऐवजी एक वर्स. मार्चपास्नं धरलंय, म्हंजे अजून नऊ महिनं. पदक माघारी द्यायचं. त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, दोऱ्यानं बांधलं. मी म्हणलं, तुझा बाप म्हणतच हुता, तांबं हाय. तो म्हणाला, "माझं हुतं."

मी दोऱ्याच्या गाठीवर बोट धरलं, त्यानं गाठ मारली.

१५ जून, रविवार

उद्या तो साताऱ्याला जातोय. लढता यायचं न्हाई, पण सर म्हणाले, लहान पोरांना तोंडाफुडं हात धरायला शिकव. चार मेपास्नं त्यानं माझ्या हातचं खाल्लं न्हवतं. स्वतःचा भात स्वतः शिजवायचा. मला बोलायला तोंड कुठं हुतं.

आज सकाळी भाकऱ्या थापत हुते. आला, चुलीसमोर बसला. पीठ कुठलं विचारलं. म्हणलं, बाजरी, काल गिरणीतनं आणली, तू संगं हुतास. मीठ कुठलं विचारलं. पुडा दाखवला. वाचला.

मी भाकरी काढली. तव्यावरनं ताटात. तिच्या मधोमध हात घालून एक तुकडा तोडला, आन् त्याच्या समोर आधी मी खाल्ला. चावला. गिळला. तोंड उघडून दाखवलं.

त्यानं बघितलं. मग उरलेल्या भाकरीतला घास मोडला.

दुसऱ्या भाकरीला बी तेच केलं. तिसऱ्याला बी. दीड भाकरी खाल्ली त्यानं. आता तो घरी आला की असंच चालंल. आधी मी, मागनं तो. जितके दिवस लागतील तितके.

उठताना गोळ्यांची पट्टी मागितली, मोजली, वहीतल्या आकड्याशी ताडून बघितली आन् फळीवर ठेवली. मी बघत हुते. बघू दे.

पाण्याची घेतली. एक. माझी मी.